नाव तुमचं, शब्द दुसऱ्याचे: साइटमालकाने तुमची पोस्ट बदलली तर कायदा काय सांगतो?

समजा, जमातीच्या एखाद्या साइटवर आपण लिहिलं, "मदरशाच्या बांधकामात कमिटीने पैसे खाल्ले असं मी म्हणत नाही, हिशोब सगळ्यांसमोर वाचून दाखवा एवढंच म्हणतो." पोस्ट टाकली, इशाची नमाज झाली, झोपलो. सकाळी उठून बघतो तर मधले शब्द गायब. "बांधकामात कमिटीने पैसे खाल्ले, हिशोब सगळ्यांसमोर वाचून दाखवा." वर नाव आपलं, फोटो आपला. नाश्त्याच्या आधी कमिटीवाल्या चाचांचा फोन, दुपारपर्यंत वकिलाची नोटीस. आपण सांगत सुटतो की भाई, मी असं लिहिलंच नव्हतं. समोरचा स्क्रीनशॉट दाखवतो.

हे उदाहरण आम्ही रचलेलं आहे. पण असं घडू शकतं का, याचं उत्तर होय असं आहे. आपण ज्या साइटवर लिहितो तिचा मजकूर मालकाच्या सर्व्हरवर, म्हणजे त्याच्या ताब्यातल्या संगणकावर साठतो. आपल्या पोस्टला आपण पासवर्डचं कुलूप लावतो, पण तिजोरीच त्याच्या घरात असते.

जगात याचा सर्वात गाजलेला प्रकार नोव्हेंबर २०१६ मध्ये अमेरिकेत झाला. रेडिट ही चर्चेची प्रचंड मोठी साइट. तिचे प्रमुख स्टीव्ह हफमन यांना डोनाल्ड ट्रम्प समर्थकांच्या एका गटात शिव्या पडत होत्या. हफमन यांनी त्या कॉमेंटमधलं आपलं नाव काढून त्या गटाच्याच चालकांची नावं घातली. लिहिणाऱ्याला कळवलं नाही, 'संपादित' अशी खूणही उमटली नाही. बोभाटा झाल्यावर त्यांनी कबुली दिली आणि माफी मागितली. साधारण तासाभराचा खेळ होता, असं त्यांचं म्हणणं. पण लोकांना खरा धक्का वेगळ्याच गोष्टीचा बसला. मालकाने मनात आणलं तर तुमच्या नावाने काहीही लिहिता येतं आणि मागे खूण राहत नाही, हे त्या दिवशी उघड झालं.

आपल्या घरांसाठी हा फक्त तत्त्वाचा मुद्दा नाही. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या दोन मुलींना फेसबुकवरच्या एका पोस्टमुळे अटक झाली होती. एकीने लिहिलं, दुसरीने फक्त 'लाइक' केलं. त्यातून उभ्या राहिलेल्या श्रेया सिंघल खटल्यात सुप्रीम कोर्टाने २४ मार्च २०१५ रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ रद्द केलं. तरीही पोस्टवरून गुन्हा दाखल होणं थांबलेलं नाही. भारतीय न्याय संहितेत त्यासाठी इतर कलमं आहेत, दोन समाजांत तेढ वाढवण्याबद्दलचं १९६ आणि धार्मिक भावना दुखावण्याबद्दलचं २९९. पोलीस विचारायला येतात तेव्हा स्क्रीनवर दिसणाऱ्या शब्दांबद्दल विचारतात. ते शब्द कुणी घातले, हे सांगायची वेळ आपल्यावर येते.

काढणं वेगळं, बदलणं वेगळं

इथे बऱ्याच वाचकांचा गोंधळ होतो, म्हणून आधी एक गोष्ट साफ करून घेऊ. साइटमालक तुमची पोस्ट काढून टाकू शकतो. साइट त्याची आहे, आणि आपलं लिखाण त्याने ठेवलंच पाहिजे असा सरसकट हक्क आपल्याला कुठल्याही कायद्याने दिलेला नाही. २०२१ चे माहिती तंत्रज्ञान नियम तर असं म्हणतात की नियमबाह्य मजकूर मालकाने स्वतःहून काढला, तरी त्याचं कायदेशीर संरक्षण जात नाही. भारतात ५० लाखांहून जास्त नोंदणीकृत वापरकर्ते असलेल्या मोठ्या माध्यमांवर थोडं जास्त बंधन आहे. त्यांनी स्वतःहून पोस्ट काढली, तर एरवी लिहिणाऱ्याला कारण कळवायचं आणि बाजू मांडायची संधी द्यायची.

पण पोस्ट ठेवून, नाव तुमचंच ठेवून, आतले शब्द फिरवणं ही दुसरी गोष्ट आहे. काढण्यात तुमचा आवाज बंद होतो. बदलण्यात तुमच्या तोंडात दुसऱ्याची जबान घातली जाते. कायदाही या दोन गोष्टी एकाच मापाने मोजत नाही.

कॉपीराइट कायद्याचं कलम ५७

कॉपीराइट म्हटलं की लोकांना पुस्तकं, गाणी, सिनेमा आठवतो. पण १९५७ चा आपला कॉपीराइट कायदा लेखकाचं नाव किती मोठं आहे ते बघत नाही. स्वतःच्या डोक्यातून, थोडी तरी कल्पकता वापरून लिहिलेला मजकूर असला की तो साहित्यकृती ठरू शकतो. नोंदणीची गरज नाही, लिहिताक्षणी हक्क निर्माण होतो. "माशाल्लाह, मुबारक हो" एवढ्यावर कुणी कॉपीराइट सांगू शकणार नाही, हे उघड आहे. पण आजीच्या हातच्या सांदणाची आठवण, हजच्या सफरीचा वृत्तांत, गावच्या शाळेच्या दुरवस्थेवर चार परिच्छेद, यावर तुमचा हक्क आहे.

या कायद्यातलं कलम ५७ आपल्या कामाचं. ते लेखकाला दोन खास हक्क देतं. एक, ही कृती माझी आहे असं सांगण्याचा. दुसरा, कृतीची मोडतोड, विपर्यास किंवा फेरफार झाल्यामुळे आपल्या मानाला किंवा नावाला धक्का बसत असेल तर ते थांबवण्याचा आणि नुकसानभरपाई मागण्याचा. विशेष हे की कॉपीराइट दुसऱ्याला देऊन टाकला तरी हे हक्क लेखकाकडेच राहतात. लेखक वारला तर त्याचे कायदेशीर वारस ते बजावू शकतात. म्हणजे मरहूम अब्बांनी लिहिलेल्या लेखात त्यांच्या पश्चात कुणी उलटसुलट घातलं, तर मुलगा किंवा मुलगी दाद मागू शकते.

दोन निकाल माहीत असावेत. मन्नू भंडारी यांच्या 'आपका बंटी' या कादंबरीवर चित्रपट निघाला, तेव्हा कथेचा विपर्यास झाला म्हणून त्या कोर्टात गेल्या. दिल्ली हायकोर्टाने १९८६ मध्ये सांगितलं की चित्रपटाचे हक्क विकले म्हणजे मूळ कृती हवी तशी मोडायची परवानगी दिली असं होत नाही. दुसरा निकाल शिल्पकार अमरनाथ सेहगल यांचा. दिल्लीच्या विज्ञान भवनातलं त्यांचं भव्य ब्राँझ भित्तिशिल्प सरकारने काढून गोदामात टाकलं आणि त्याची नासधूस झाली. शिल्पाचं मालक सरकार होतं. तरी २००५ मध्ये हायकोर्टाने शिल्पाचे अवशेष परत द्यायला आणि ५ लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं. वस्तू ज्याच्या ताब्यात आहे त्याला ती बिघडवायचा हक्क आपोआप मिळत नाही, हे सूत्र सर्व्हरवर ठेवलेल्या पोस्टलाही लागू करता येतं, असं आमचं मत आहे. मात्र साध्या पोस्टच्या बाबतीत 'नावाला धक्का बसला' हे सिद्ध करावं लागेल. १९९४ च्या दुरुस्तीपासून कायद्यात ही अट आहे. मालकाने ऱ्हस्वदीर्घ सुधारलं म्हणून कोर्टात धावू नका.

कोर्ट कुठलं, हेही विचारलं जातं. साइटचं ऑफिस बेंगळुरूला असलं तरी कॉपीराइट कायद्याच्या कलम ६२ प्रमाणे आपण जिथे राहतो तिथल्या जिल्हा न्यायालयात दावा लावता येतो. मालेगावच्या माणसाने नाशिकला जायचं, बेंगळुरूला नाही.

'आय अ‍ॅग्री'वर टिचकी मारली त्याचं काय?

खातं उघडताना आपण सगळे न वाचता 'मान्य आहे' दाबतो. आम्हीही दाबतो. त्या लांबलचक अटींमध्ये बहुतेक मोठ्या कंपन्या तुमचा मजकूर वापरण्याचा, त्याचं रूप बदलण्याचा परवाना घेऊन ठेवतात. रेडिटच्या अटींमध्ये तर लेखकाचे नैतिक हक्क सोडून दिल्याचंही लिहिलेलं आहे. टिचकी मारून झालेला करार आपल्याकडे फक्त इलेक्ट्रॉनिक आहे एवढ्याच कारणाने रद्द ठरत नाही, असं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम १०अ सांगतं.

तर मग खेळ खलास? नाही. 'रूप बदलण्याचा' परवाना प्रामुख्याने मोबाइलच्या पडद्यावर मजकूर बसवायला, फोटो लहान करायला, भाषांतर दाखवायला घेतलेला असतो. त्याचा अर्थ तुमच्या नावाने खोटं विधान छापायची मुभा, असा लावणं वकिलाला जड जाईल. आणि करार कितीही पक्का असला तरी तो तुमच्या आणि साइटच्या मधला. खोट्या मजकुराने ज्याची बदनामी झाली त्या तिसऱ्या माणसाला तो बांधत नाही.

मालकाचं कवच कधी गळून पडतं

साइटवर लाखो लोक लिहितात. प्रत्येकाच्या शब्दांसाठी मालकाला जबाबदार धरलं तर कुणी साइट चालवणारच नाही. म्हणून माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ७९ ने त्याला 'मध्यस्थ' मानून कवच दिलंय. ते फुकट नाही. एक अट अशी की प्रसारित होणारी माहिती त्याने स्वतः निवडलेली किंवा बदललेली नसावी. पोस्टमन पत्रातल्या मजकुराला जबाबदार नसतो, पण पाकीट फोडून दोन ओळी घातल्या तर तो पोस्टमन राहत नाही.

आता 'बदलणं' कशाला म्हणायचं? मायस्पेस विरुद्ध सुपर कॅसेट्स या खटल्यात दिल्ली हायकोर्टाच्या खंडपीठाने २०१६ मध्ये असं मत दिलं की संगणकाने आपोआप फाइलचा साचा बदलला किंवा जाहिरात जोडली, तर तो मजकुरातला फेरफार नव्हे. माणसाने जाणूनबुजून आशयाला हात लावणं वेगळं.

अमेरिकेत १९९६ च्या कायद्याचं कलम २३० साइटना आपल्यापेक्षा कितीतरी जाड कवच देतं. तिथे मालक शुद्धलेखन सुधारतो, शिव्या गाळतो, मजकूर छोटा करतो, तरी त्याला बहुधा धक्का लागत नाही. पण रूममेट्स डॉट कॉम खटल्यात तिथल्या अपील कोर्टाने २००८ मध्ये एक मर्यादा सांगितली. अमुक माणसाने चोरी केली नाही, असं कुणी लिहिलं आणि संपादकाने त्यातला 'नाही' काढून टाकला, तर त्या बदनामीला तो स्वतः जबाबदार. मराठीत तर हा 'नाही' वाक्याच्या अगदी शेवटी लोंबकळत असतो. एक बोट दाबलं की गेला.

यंत्राने केलेल्या फेरफाराचा एक किस्सा इथेच सांगायला हवा. ऑक्टोबर २०१७ मध्ये एका पॅलेस्टिनी मजुराने बुलडोझरला टेकून काढलेला फोटो फेसबुकवर टाकला आणि अरबीत 'सुप्रभात' अशा अर्थाचं लिहिलं. फेसबुकच्या यंत्राने हिब्रूत त्याचा अर्थ 'त्यांच्यावर हल्ला करा' असा दाखवला. इस्रायली पोलिसांनी त्याला पकडलं, तासन्‌तास चौकशी केली, चूक लक्षात आल्यावर सोडलं. त्याचं मूळ वाक्य जसंच्या तसं होतं, वाचणाऱ्याला मात्र दुसरंच दिसलं. ऊर्दू, दखनी किंवा कोकणी बोलीत लिहिणाऱ्या आपल्या मंडळींनी हे लक्षात ठेवावं. पोस्टचं भाषांतर दिसत असेल तर एकदा ते स्वतः वाचून बघा.

गुन्हा कुठला लागतो?

लोक पहिल्यांदा 'हॅकिंग'चं कलम मागतात. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ४३ माहिती नष्ट करणं किंवा बदलणं याबद्दल बोलतं खरं, पण संगणकाच्या मालकाच्या किंवा ताबेदाराच्या परवानगीशिवाय केलं तर. साइटमालक स्वतःच सर्व्हरचा मालक, म्हणून हे कलम त्याच्यावर बसवणं कठीण. बाहेरच्या माणसाने किंवा काम सोडून गेलेल्या नोकराने घुसून बदल केला तर ते बसतं.

त्यापेक्षा भारतीय न्याय संहितेची कलमं ३३५ आणि ३३६ बघायला हवीत. एखादा इलेक्ट्रॉनिक दस्तऐवज अमक्यानेच केला असं लोकांना वाटावं म्हणून लबाडीने खोटा तयार करणं म्हणजे बनावटगिरी. कुणाची बदनामी व्हावी या हेतूने ती केली तर ३ वर्षांपर्यंत कैद आणि दंड. कलम ३५६ बदनामीचं आहे, शिक्षा २ वर्षांपर्यंत साधी कैद, दंड किंवा समाजसेवा. बदनामीसाठी पोलीस थेट एफआयआर घेत नाहीत, मॅजिस्ट्रेटकडे तक्रार करावी लागते. दिवाणी भरपाई हवी असेल तर मुदत मजकूर प्रसिद्ध झाल्यापासून फक्त १ वर्ष. आधी समेट करू, ईद होऊ दे, लग्न होऊ दे, असं करत वर्ष निघून जातं.

पुरावा: इथेच बहुतेक जण हरतात

वरची सगळी कलमं एका बाजूला आणि 'मूळ मजकूर काय होता' हा प्रश्न एका बाजूला. बदललेली पोस्ट सगळ्यांना दिसते, आपली मूळ पोस्ट कुणालाच दिसत नाही. म्हणून महत्त्वाच्या विषयावर लिहिताना, म्हणजे ट्रस्टचे हिशोब, वक्फची जमीन, तलाकचा वाद, कुणावरही आरोप असेल तेव्हा, आधी फोनच्या नोंदवहीत किंवा स्वतःलाच ईमेल करून मजकूर ठेवा आणि तिथून साइटवर चिकटवा. ईमेलवर तारीख आणि वेळ आपोआप पडते. पोस्ट प्रसिद्ध झाल्यावर पूर्ण पान, वरच्या पत्त्यासकट आणि वेळेसकट, जतन करा. इंटरनेट अर्काइव्हच्या 'वेबॅक मशीन'वर उघड्या पानाची प्रत फुकट साठवता येते. ती तिसऱ्याच्या ताब्यात राहते, म्हणून तिचं वजन जास्त.

कोर्टात नुसता स्क्रीनशॉटचा कागद चालत नाही. जालना विधानसभा मतदारसंघातल्या निवडणुकीच्या वादातून आलेल्या अर्जुन पंडितराव खोतकर खटल्यात सुप्रीम कोर्टाने जुलै २०२० मध्ये हे पक्कं केलं. इलेक्ट्रॉनिक पुराव्याची प्रत द्यायची तर सोबत प्रमाणपत्र हवं. मूळ फोन किंवा लॅपटॉपच मालकाने साक्षीच्या वेळी कोर्टात हजर केला तर प्रमाणपत्राची गरज नाही. समोरचा प्रमाणपत्र देत नसेल तर कोर्टाकडे अर्ज करून मागता येतं. १ जुलै २०२४ पासून जुन्या पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला. आता हे प्रमाणपत्र त्याच्या कलम ६३ खाली द्यायचं असतं, आणि त्यात फाइलचा 'हॅश' लिहावा लागतो. हॅश म्हणजे फाइलचा अंगठा समजा. आतला एक स्वल्पविराम बदलला तरी अंगठा बदलतो. हे काम वकील सायबर तज्ज्ञाकडून करून घेतात, पण जुना फोन विकून टाकू नका, फॉरमॅट करू नका, एवढं आपल्याच हातात आहे.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपबद्दल विचारणारे खूप असतात. तिथे अ‍ॅडमिनला तुमचा मेसेज बदलता येत नाही, फक्त सगळ्यांसाठी काढता येतो. बदल लिहिणाराच करू शकतो, तोही १५ मिनिटांत, आणि बदलल्याची खूण राहते. तिथे धोका वेगळा आहे, कुणीतरी मेसेज कॉपी करून, दोन शब्द फिरवून, तुमच्या नावाने पुढे पाठवतो. तो फेरफार अ‍ॅडमिनच्या गळ्यात घालू नका. सदस्याच्या मजकुरासाठी केवळ अ‍ॅडमिन असल्यामुळे कुणी गुन्हेगार ठरत नाही, असं मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये सांगितलं आहे.

परदेशातल्या नातेवाइकांसाठी एक ओळ. ब्रिटनमध्ये स्थायिक असलेल्या कोकणी घरांना १९८८ च्या तिथल्या कायद्याच्या कलम ८४ चा आधार आहे. आपण न लिहिलेलं लिखाण आपल्या नावावर खपवलं जाऊ नये, हा तिथे स्वतंत्र हक्क आहे.

वर्तमानपत्राचं पत्र आणि साइटची पोस्ट

आमच्यासारख्या बातम्यांच्या साइटला पाठवलेलं पत्र आणि आपण स्वतः टाकलेली पोस्ट यात फरक आहे. पत्र आम्ही वाचतो, निवडतो, कापतो, मथळा देतो. तिथे आम्ही मध्यस्थ नसून प्रकाशक आहोत, आणि छापलेल्या शब्दाची जबाबदारी आमच्यावरही येते. जागेअभावी पत्र लहान करण्याची मुभा संपादकाला रूढीनेच असते. अर्थ उलटा करण्याची नसते. आम्ही कापलं आणि आपला मुद्दाच गेला असं वाटलं, तर खुलासा मागा. तो त्याच जागी आला पाहिजे.

तक्रार कशी करायची

२०२१ च्या नियमांप्रमाणे प्रत्येक मध्यस्थ साइटने तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि पत्ता साइटवर द्यायचा आहे. तक्रार मिळाल्याची पोच २४ तासांत द्यायची. निकालासाठी मूळ नियमांत १५ दिवस होते. या मुदती दुरुस्त्यांनी बदलत असतात, म्हणून पाठवण्याच्या दिवशीचा नियम बघून घ्या. उत्तर पटलं नाही तर ३० दिवसांत केंद्र सरकारच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन अपील करता येतं.

तक्रारीत राग काढू नका. "अमुक तारखेला अमुक वेळी मी खालील मजकूर टाकला. आज तिथे खालील मजकूर दिसतो. हा बदल मी केलेला नाही आणि त्याला माझी संमती नाही. मूळ मजकूर पूर्ववत करावा किंवा पोस्ट माझ्या नावासह काढावी, बदल झाल्याचा खुलासा त्याच जागी द्यावा, आणि बदलाच्या सर्व्हरवरच्या नोंदी नष्ट करू नयेत." शेवटचं वाक्य विसरू नका. कुणी, कधी, कुठल्या खात्यातून बदल केला हे त्या नोंदीतच सापडतं, आणि बऱ्याच साइट त्या ठरावीक काळाने पुसतात. कुणाची बदनामी होणारा मजकूर असेल तर त्या व्यक्तीलाही त्याच दिवशी लेखी कळवा की हे शब्द माझे नाहीत. ईमेलसोबत एक प्रत स्पीड पोस्टाने पाठवा आणि पोचपावती मूळ मजकुराच्या प्रतीबरोबर ठेवा.